ओजस काय म्हणाला होता

सात वर्षं झाली, हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. अनघाजवळ नाही — अनघा म्हणजे माझी बायको — तिच्याजवळ तर नाहीच. दोन-तीनदा अगदी तोंडाशी आलं होतं. एकदा आम्ही हुफूफहून खजूर घेऊन परत येत होतो, रस्ता सरळसोट, गाडीत दोघंच. म्हटलं, आता सांगून टाकावं. मग पेट्रोलपंप आला, तिला चहा हवा होता, आणि राहिलं ते राहिलंच. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. मध्ये काही विचारू नका, एवढंच. विचारलंत तर मी विषय बदलेन — त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. मूळचा नाशिकचा, केमिकल इंजिनिअर, सोळा वर्षं सौदीत, जुबैलला. एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये सेफ्टीचं काम बघतो. म्हणजे नेमकं काय करतो? तर काही बिघडायच्या आधी ‘थांबा’ म्हणतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असतं. कुठलंही काम धोक्याचं वाटलं, तर कुणीही, अगदी काल लागलेल्या हेल्परनेही, ते कार्ड दाखवून काम थांबवायचं. मॅनेजरसुद्धा त्याला जाब विचारू शकत नाही. हे कार्ड कसं वापरायचं, हे नव्या माणसांना शिकवतो कोण? मीच. हिंदीत शिकवतो, इंग्रजीत शिकवतो, मोडक्यातोडक्या अरबीत शिकवतो. “शक आया, तो रुको,” असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. अजूनही सांगतो. गेल्या आठवड्यातच सांगितलं.

तर असा मी माणूस. लक्षात ठेवा हे.

आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या भिंतीबंद वसाहतीत, अमेरिकन कुटुंबं बरीच. त्यांनी मुलांसाठी त्यांचा तो फुटबॉल सुरू केला होता. आपल्या फुटबॉलशी त्याचा काही संबंध नाही बरं का — पाय लागतो तो क्वचित. लांबुळका चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला अंगावर जाऊन आडवं पाडायचं. त्या पाडण्याला टॅकल म्हणतात. श्रीकांत त्याला ‘धावती कबड्डी’ म्हणायचा. श्रीकांत माझा मित्र. तोही नाशिकचा, आमच्याच प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला, आणि कंपाउंडमध्ये आमच्यापासून तीन घरं सोडून. त्याची बायको मधुरा. त्यांचा एकुलता एक मुलगा ओजस, तेव्हा अकरा वर्षांचा. माझा निहार दहाचा. दोघं एकाच स्कूलबसने जायचे, एकाच बाकावर बसून.

लहान मुलांना हा खेळ खेळू द्यावा का, यावर त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींत भलताच वाद रंगला. दिवाळीच्या फराळाला सगळे आमच्याकडे जमले होते. ओजसला टीममध्ये जायचंच होतं, आणि मधुरा अजिबात तयार नव्हती.

“डोक्यावर डोकं आपटायचं, हा कसला खेळ?” ती म्हणाली. “हाडं तरी धड झाली आहेत का यांची?”

अनघाही तिच्याच बाजूची. बाकीच्या बायकाही. आणि मी काय केलं? मी टिश्यूपेपर घेतला, पेन काढलं आणि आमच्या ऑफिसात काढतो तसा तक्ता काढला. एका बाजूला किती वेळा लागू शकतं, दुसऱ्या बाजूला किती जोरात लागू शकतं. सायकल इथे, झोपाळा इथे, स्विमिंग पूल इथे. फुटबॉल मी पूलच्या खाली टाकला. कशाच्या आधारावर? कशाच्याही नाही. चिवड्याची वाटी हातात धरून मी तो तक्ता रेटून काढला, आणि लोकांना पटला. मी बोललो की लोकांना पटतं, तो माझ्या नोकरीचाच भाग आहे.

“आणि वहिनी,” मी म्हणालो, “मैदानाच्या कडेला मी स्वतः उभा असतो. ओजसला जरा कुठे काही झालं, तर सगळ्यात आधी मी त्याला बाहेर काढीन.”

मधुराने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही आहात म्हणून हं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी श्रीकांतने परवानगीच्या फॉर्मवर सही केली.

हे उगाच फुशारकी म्हणून बोललो नव्हतो. लीगचा नियमच होता, की प्रत्येक टीमचा एक मोठा माणूस कडेला उभा राहील, आणि मुलाच्या डोक्याला लागलं तर त्याला बाहेर काढायचा शेवटचा अधिकार त्या माणसाचा. कोचचा नाही, आईबापांचाही नाही. मुलाला चार साधे प्रश्न विचारायचे: आपण कुठे आहोत, समोर कोणती टीम आहे, शेवटचा पॉइंट कुणी केला, सकाळी काय खाल्लं. एक जरी उत्तर चुकलं तरी तो मुलगा त्या दिवसापुरता बाहेर. वाद नाही. माझी नोकरी काय, हे कळल्यावर कोचने ते काम मला दिलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? गोऱ्या लोकांमध्ये शिट्टी गळ्यात अडकवून उभं राहायला मला बरं वाटायचं. कोच मला नावाने हाक मारायचाच नाही, ‘सेफ्टी’ म्हणायचा.

आणि निहार? निहारही टीममध्ये होता. जर्सी होती, पॅड होते, टीमच्या फोटोत तो पहिल्या रांगेत आहे. पण तो मैदानात उतरायचा नाही. अंगाने बारका, चष्मा जाड. कोच त्याला बाकावरच ठेवायचा, आणि मी कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. म्हणजे बघा — ज्या खेळाची मी भर फराळात वकिली केली, तो माझा मुलगा खेळतच नव्हता. त्या वेळी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

आता त्या दिवसाकडे येतो. आलो असतो आधीच, पण — असो.

जानेवारी होता. शुक्रवारची दुपार, नमाज होऊन गेलेली, ऊन छान उबदार. त्याच दुपारी एका घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्यामुळे आमच्या सगळ्या बायका तिकडे. श्रीकांत प्लँटवर, देखभालीसाठी शटडाउन चालू होता, बारा-बारा तासांची ड्युटी. मैदानावर मराठी कळणारी माणसं तीनच — मी, निहार आणि ओजस.

टीमला आठ मुलं लागतात. त्या दिवशी दोघांना ताप, एक कुटुंब ताइफला फिरायला गेलेलं. उरली नऊ. आठ मैदानात, नववा निहार. आठपेक्षा कमी झाली की मॅच समोरच्यांना बहाल, असा नियम.

समोरच्या टीममध्ये एक पोरगा होता. अकराचा म्हणे, मला तर चौदाचा वाटला. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने आमच्या तिघांना लोळवलं. नियमात राहून, बरं का. पंचांनी एकदाही त्याला टोकलं नाही. मी बघत होतो, आणि दर वेळी माझी नजर बाकाकडे जात होती. निहार हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

ओजस चपळ होता. त्याच्या हातात चेंडू आला, तो दोघांना चुकवून निघाला, आणि तो मोठा पोरगा बाजूने आला. ओजस उलटा पडला, डोक्याचा मागचा भाग आधी जमिनीवर. तीन-चार सेकंद तसाच पडून होता. मग स्वतःच उठला आणि चालायला लागला — समोरच्या टीमच्या बाकाकडे. लोक हसले. मीही हसलो, ते हसू मला अजून आठवतं. कोचने शिट्टी मारली आणि मला हात केला.

मी त्याला धरून आमच्या कडेला आणलं, गुडघ्यावर बसलो, त्याचं हेल्मेट काढलं. मागे बाकावरून निहार उठून आला होता. त्याने हेल्मेट घातलं होतं — कुणी बाहेर गेला की त्याचा नंबर, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो माझ्या खांद्याशी उभा होता. कोच चार पावलांवर.

मी पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला. आपण कुठे आहोत?

इथे एक सांगायला हवं. ओजस मराठी बोलायचा नाही. समजायचं सगळं, पण आपण मराठीत विचारावं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावं, असंच चालायचं. मधुरा कंटाळली होती सांगून सांगून. मराठी फक्त आजीशी, फोनवर, तेही दटावल्यावर. मला तो ‘काका’ म्हणायचा, त्यापुढचं सगळं वाक्य इंग्रजी.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काका, आई कुठंय? मला घरी जायचंय.”

मी दुसरा प्रश्न विचारला. समोर कोणती टीम आहे?

“काका, आई कुठंय? मला घरी जायचंय.”

त्याच आवाजात. पहिल्यांदाच विचारतोय असा. तिसरा प्रश्न मी विचारायच्या आतच तो ते परत म्हणाला. रडत नव्हता. लहान मूल झोपेतून उठून विचारतं तसं विचारत होता.

कोचने विचारलं, “व्हॉट्स ही सेइंग?”

मी — आता बोलतोच — मी म्हणालो, “ही सेज ही इज फाइन. ही वॉन्ट्स टू प्ले.”

झालं. हेच ते.

कोचने त्याच्या पाठीवर थाप मारली. हेल्मेट मी त्याला घातलं. हनुवटीखालचा पट्टा मी लावला, एक बोट जाईल इतका सैल ठेवून, शिकवतात तसा. निहार मागे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं, आणि तो जाऊन बाकावर बसला.

का केलं मी असं? सात वर्षांत या प्रश्नाची मी कितीतरी उत्तरं तयार केली. मुलं पडतात, उठतात. घाबरला असेल, म्हणून आई आठवली. कोचला घाई होती. मॅच हातातून गेली असती, मुलांचा हिरमोड झाला असता. काही दिवस तर मी असंही धरून चाललो होतो, की मला नीट ऐकूच आलं नाही. छे! ऐकू स्वच्छ आलं होतं. तीनदा आलं होतं. आणि मॅचचं मला काय होतं? हरली असती टीम तर हरली असती.

खरं एवढंच आहे, की ओजस बाहेर बसला असता तर निहारला आत जावं लागलं असतं. आणि समोर तो पोरगा होता. एका बाजूला श्रीकांतचा मुलगा, ज्याला लागलेलं होतं. दुसऱ्या बाजूला माझा, ज्याला लागू शकलं असतं. मी माझा निवडला. गडबडीत नाही, भांबावूनही नाही. शांतपणे निवडला. दोन सेकंदही लागले नसतील. बरं, निहारला मी नको म्हणू शकलो असतो, मॅच सोडून देऊ शकलो असतो — मग लोकांना कळलं असतं, की सेफ्टीवाला स्वतःच्या मुलाला उतरवत नाही. तेही मला नको होतं. म्हणजे मुलगाही वाचायला हवा आणि अब्रूही. यातलं काही द्यावं लागणार नाही अशी एकच वाट होती, आणि ती ओजसच्या डोक्यावरून जात होती.

दहा मिनिटं गेली असतील. ओजसला काही मोठा फटका बसला नाही. खरंच सांगतो, कुणाचा तरी खांदा लागला, इतकंच. तो आधी बसला, मग आडवा झाला. ओकला. मी पळत गेलो तेव्हा त्याचा एक डोळा वेगळाच दिसत होता. ॲम्ब्युलन्स लवकर आली. आमच्या कंपाउंडची व्यवस्था चांगली आहे, तिच्या तपासणीच्या यादीवर सही माझीच असते.

मधुरा हळदीकुंकवातून थेट हॉस्पिटलात आली. काळी साडी, कपाळावर हळदकुंकू, हातात तिळगुळाची पुडी तशीच. श्रीकांत अंगावरच्या निळ्या कव्हरऑलमध्ये आला. इजिप्शियन डॉक्टर होते, सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, याच्या आधी आज कधी डोक्याला लागलं होतं का? त्यानंतर गोंधळल्यासारखा वागला का, तेच तेच बोलला का?

मी म्हणालो, एकदा पडला होता. तपासलं. सगळी उत्तरं बरोबर दिली.

“कुणी तपासलं?”

“मी.” वर हेही सांगितलं, की मी सेफ्टी प्रोफेशनल आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं तर उपचारांत काही फरक पडला असता का? मी कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं तर कारण सांगावं लागतं.

त्याच संध्याकाळी डोक्याचं ऑपरेशन झालं. ओजस वाचला. हे मी घाईघाईने सांगतोय, कारण तुमच्या मनात नको ते आलं असेल. वाचला, पण जो गेला होता तो परत आला नाही. डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, शब्द शोधावा लागतो. पानभर वाचलं की थकतो. शाळेत पहिल्या तिघांत असायचा तो. दहावीला त्याला लेखनिक घ्यावा लागला. तेही एक वर्ष उशिरा.

लीगला लेखी अहवाल द्यायचा होता. तो मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार? असे अहवाल मी फार चांगले लिहितो. ‘खेळाडूची तपासणी केली, तो भानावर होता, प्रश्नांची उत्तरं दिली, स्वतः खेळण्याची इच्छा व्यक्त केली.’ व्याकरणाची एक चूक नव्हती. कोचनेही सही केली. त्याला जे सांगितलं होतं, त्यावर त्याचा विश्वास होता.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तिसऱ्या की चौथ्या दिवशी मधुरा श्रीकांतला म्हणाली, “सही तू केलीस.” ओरडून नाही, अगदी हळू. मी दोघांच्या मध्ये, हातात दोन चहा घेऊन उभा होतो. श्रीकांतने फक्त मान हलवली. मी म्हणालो, “वहिनी, चहा घ्या.” त्या क्षणी बोललो असतो तर? निदान त्या माणसाच्या मानेवरचं ते ओझं तरी उतरलं असतं. नाही बोललो. बोलायचं माझ्या मनातही आलं नाही, खरं तर. मनात इतकंच आलं, की बरं झालं, तिला सही आठवली, फराळातलं माझं बोलणं नाही आठवलं. याची मला लाज वाटते. बाकी सगळ्याची भीती वाटते, पण याची लाज.

आणि पुढचं ऐका. दोन महिन्यांनी कंपाउंडच्या कमिटीने सभा बोलावली. विषय एकच, मुलांना टॅकल खेळू द्यायचं की नाही. अमेरिकन बाप म्हणाले, आम्ही खेळलो, आम्हाला कुठे काय झालं? मग मी उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो, स्लाइड दाखवून. वाढत्या वयातला मेंदू, मानेचे स्नायू, एकावर एक बसणारे धक्के. हेल्मेटने कवटी वाचते, आतलं हलतं ते हलतंच. सगळं बरोबर होतं. दिवाळीला टिश्यूपेपरवर मी जे सिद्ध केलं होतं, त्याच्या नेमकं उलट मी आता सिद्ध केलं, आणि तेही लोकांना पटलं. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी टॅकल बंद झालं. आता ती मुलं कमरेला रिबिनी लावून खेळतात. रिबीन ओढली की थांबायचं. छान खेळतात, कुणाला काही होत नाही.

मधुरा त्या सभेला मागे बसली होती. बाहेर आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. “भावजी, तुमच्यामुळे बाकीच्यांची तरी मुलं वाचली,” ती म्हणाली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तेव्हापासून या विषयावर लोक मला विचारतात. रियाधहून बँकेतल्या मित्रांचे फोन येतात, मुलगी रग्बी खेळते म्हणते, पाठवू का? मुलगा ज्यूदोला जातोय, चालेल का? मी सांगतो, नको पाठवू. ठाम सांगतो. तुम्ही विचाराल, मुळात तुझं मत काय? खेळू द्यावा का हा खेळ मुलांना? तुम्हाला म्हणून सांगतो — मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी खेळाविरुद्ध इतका बोललो, कारण खेळ दोषी ठरला की पुढे कुणी काही विचारत नाही. पण त्या दिवशी खेळाने काय केलं होतं? खेळ थांबला होता. शिट्टी वाजली होती. पोराला बाजूला आणलं होतं, आणि एका मोठ्या माणसाला विचारलं होतं, की हा काय म्हणतोय?

श्रीकांतने वर्ष संपायच्या आत राजीनामा दिला. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, परत केला, फायनल एक्झिट घेतलं, म्हणजे परत यायची वाट स्वतःच बंद केली. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. ओजसने उन्हाचा चष्मा घातला होता, आतल्या दिव्यांचाही त्याला त्रास व्हायचा. मधुरा आणि श्रीकांत एकमेकांशी बोलत होते ते फक्त बॅगांबद्दल.

निहारने फुटबॉल सोडला. अनघाला वाटलं, घाबरला असेल. माझ्याशी तो त्या दिवसाबद्दल एकदाच बोलला, वर्षभराने, मी त्याला डेंटिस्टकडे नेत होतो तेव्हा. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बाबा, आय वॉज रेडी.” मी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, “नथिंग.” मला कळलं होतं. मला कळलंय, हे त्यालाही कळलं होतं. मी रेडिओ लावला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नाशिकला गेलो, तेव्हा श्रीकांतकडे जाणं टाळता आलं नाही. अनघा माहेरी थांबली होती; मी आणि निहार गेलो. ओजस आता अठराचा आहे. उंच झालाय, बापाच्याही वर. बोलतो हळूहळू, पण आता सगळं मराठीत बोलतो. पडदे ओढलेल्या खोलीत आम्ही बसलो होतो. मधुराने पोहे दिले, चहा दिला. श्रीकांत लिंबं आणायला खाली गेला होता. मधुरा आत होती, तिला ऐकू जात असेल.

ओजस म्हणाला, “काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. बरेच दिवस… विचारायचं होतं. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. सकाळी डोसा खाल्ला, ते आठवतं, मग एकदम हॉस्पिटल. बाबा म्हणतात, पहिल्यांदा पडलो तेव्हा तुम्ही मला तपासलं. मी काय म्हणालो होतो?”

मी चहाचा घोट घेतला.

“आई म्हणते, बाबांचं चुकलं,” तो म्हणाला. “बाबाही तेच म्हणतात. पण मला वाटतं, माझंच चुकलं. मीच म्हणालो असणार, खेळतो म्हणून. मी तसा होतो ना, हट्टी. मी थांबतो म्हणालो असतो, तर… हे सगळं झालंच नसतं. हो ना?”

निहार माझ्या शेजारी होता. त्याने बशीत चमचा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती, तरी मी बघितलं.

“हो रे,” मी ओजसला म्हणालो. “खेळतो म्हणालास.”

“वाटलंच मला,” ओजस म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून डोकं मागे टेकलं.

निहार उठला, दारात चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मधुरा चहाचं भांडं घेऊन बाहेर आली. “आणखी घेणार का, भावजी?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो.